बोडेनझेवरची सोळा दिवसांची सफर : आखणी कशी करावी?

(अभ्यासपाठ. मोठ्या गटासाठी. पालकांनीही वाचावा.)



सुट्टीपूर्वीचा हा शेवटचा अंक. प्रथेप्रमाणे त्यात एक मोठा अभ्यासपाठ असतो आणि तो सुट्टीत कुठेतरी उपयोगी पडावा, असा आमचा प्रयत्न असतो. यंदाचा विषय मोठ्या गटानेच सुचवला : शिडाच्या होडीतून बोडेनझेला पूर्ण फेरी मारायची तर तयारी काय करावी लागेल? प्रश्न साधा वाटला. उत्तर लिहायला बसलो तेव्हा त्यात भूगोल आला, गणित आले, कायदा आला, स्वयंपाक आला आणि थोडे व्याकरणही आले.

व्याकरणापासूनच सुरुवात करू. जर्मनमध्ये 'झे' हा शब्द पुल्लिंगी असला तर त्याचा अर्थ तळे किंवा सरोवर होतो आणि स्त्रीलिंगी असला तर समुद्र. म्हणजे 'डेर झे' हे सरोवर आणि 'डी झे' हा समुद्र. मराठीत आपल्याला अशी कसरत करावी लागत नाही. तळे, तलाव, सरोवर, जलाशय, खाडी, समुद्र असे वेगवेगळे शब्दच आपल्याकडे आहेत. बोडेनझे हा पुल्लिंगी, म्हणजे सरोवर. इंग्रजी नकाशात त्याचे नाव कॉन्स्टन्स सरोवर असे असते. पण इकडचे लोक त्याला कौतुकाने 'स्वाबियन समुद्र' म्हणतात, आणि होडीत बसणाऱ्याने हे कौतुक थोडे गंभीरपणे घ्यावे असे आम्हांला वाटते. भरती-ओहोटी नाही, मीठ नाही, पलीकडचा किनारा बहुधा दिसतो. म्हणून हे पाणी घरगुती वाटते. तसे ते नाही.

आकडे पाहा. ब्रेगेन्झपासून लुडविग्सहाफेनपर्यंत लांबी ६३ किलोमीटर. सर्वांत जास्त रुंदी १४ किलोमीटर. क्षेत्रफळ सुमारे ५३६ चौरस किलोमीटर. सर्वांत खोल जागा जर्मनीतील फिशबाख आणि स्वित्झर्लंडमधील उटविल यांच्या मधे, २५१ मीटर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३९५ मीटर. किनाऱ्याची लांबी २७३ किलोमीटर असून त्यातला १७३ किलोमीटर जर्मनीकडे, ७२ स्वित्झर्लंडकडे आणि २८ ऑस्ट्रियाकडे आहे. मोठ्या भागाला ओबरझे म्हणतात. वायव्येकडे गेलेले त्याचे लांब बोट म्हणजे यूबरलिंगर झे. कॉन्स्टान्झच्या पुलाखालून ऱ्हाइन नदी पुढे जाते आणि उंटरझे नावाच्या धाकट्या, उथळ सरोवरात पसरते.

एक गोष्ट श्टुटगार्टच्या मुलांना मुद्दाम सांगायला हवी. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यातले बरेचसे पाणी याच सरोवरातून येते. झिप्लिंगेन गावाजवळ ६० मीटर खोलीवरून ते उचलतात, डोंगरावर चढवतात, शुद्ध करतात आणि नळांतून उत्तरेकडे पाठवतात. ही पाणीयोजना १९५४ मध्ये स्थापन झाली, १९५८ पासून पाणी येऊ लागले आणि आज सुमारे ४० लाख लोक ते पितात. तेव्हा होडीतून खरकटे पाणी सरोवरात ओतताना आपण ते कोणाच्या पेल्यात ओततो आहोत, हे कळायला फार विचार करावा लागत नाही. कायदाही तेच सांगतो. होडीत राहण्याची, स्वयंपाकाची किंवा शौचाची सोय असेल तर सांडपाण्याची टाकी असलीच पाहिजे आणि ती बंदरातच रिकामी केली पाहिजे.

आता कागदपत्रे. हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून लवकर उरकू. बारा चौरस मीटरपेक्षा जास्त शीड असलेली होडी चालवायला बोडेनझेचा खास परवाना लागतो. शिडाच्या परवान्याला 'डी' वर्ग म्हणतात आणि तो वयाच्या १४ व्या वर्षापासून मिळू शकतो. (मोठ्या गटातल्या काहींचे डोळे चमकलेले आम्हांला दिसत आहेत. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही परीक्षा असतात!) होडीला ४.४ किलोवॅटपेक्षा मोठे इंजिन असेल तर 'ए' वर्गही लागतो, आणि त्याला १८ पूर्ण हवीत. जर्मनीतल्या दुसऱ्या पाण्याचा परवाना ज्यांच्याकडे आहे, त्यांना सुट्टीपुरता, वर्षातून एका महिन्यापर्यंतचा परवाना मागता येतो. होडीवर जितकी माणसे तितकी जीवरक्षक जाकिटे हवीत, आणि लहान मुलाला मोठ्याचे जाकीट चालत नाही.

पासपोर्ट सर्वांनी बरोबर ठेवावेत. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेन व्यवस्थेत आहे, त्यामुळे भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या शेंगेन व्हिसावर तिन्ही किनारे करता येतात. त्याआधी मात्र भारतीय पासपोर्टवर पलीकडे उतरायचे तर वेगळा व्हिसा काढावा लागे. पण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही हेही लक्षात असू द्या. तिथे जकातीचे नियम वेगळे, नाणे वेगळे आणि मोबाइलचे दरही वेगळे. दक्षिणेकडे सरकलात की फोन आपोआप स्विस मनोरा पकडतो आणि बिल घरी आल्यावरच ते कळते.

गंमत अशी की ओबरझेच्या मधोमध तीन देशांची सीमा नेमकी कुठे आहे हे आजवर कोणत्याही तहाने ठरलेले नाही. स्वित्झर्लंड मध्यरेषा मानते. ऑस्ट्रिया म्हणते की खोल पाणी तिघांच्या सामाईक मालकीचे. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या मंडळींना हे ऐकून नवल वाटेल. पण नौकानयनाचे नियम तिघांनी मिळून केले आहेत आणि ते सर्वत्र सारखे आहेत.

यानंतर खरा विषय, म्हणजे वारा.

कोकणात जो वाढला त्याला खारे वारे आणि मतलई वारे शिकवावे लागत नाहीत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो तो खारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. बोडेनझेवरही चांगल्या हवेच्या दिवशी असाच, पण फार दुबळा खेळ चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये अनेकदा वारा सकाळी थोडा फिरतो आणि दुपारी पडतो. शीड सुती लुगड्यासारखे लोंबत राहते. म्हणून इथे ताशी आठ-दहा किलोमीटरचा हिशेब धरून आखणी करू नये. आम्ही ताशी पाच किलोमीटर धरले आहेत. कोणाला हे कमी वाटेल. कोणाला, दोन दिवस पाण्यावर काढल्यावर, जास्त वाटेल.

मोठा वारा येतो तो बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून. उन्हाळ्यातली वादळे दिवसभराच्या उकाड्यानंतर दुपारी किंवा संध्याकाळी येतात. दुसरा एक वारा आहे, त्याचे नाव फोन. (टेलिफोनचा याच्याशी संबंध नाही.) तो आल्प्सवरून दक्षिणेकडून ऱ्हाइनच्या खोऱ्यात उतरतो, गरम आणि कोरडा असतो, आणि सरोवराच्या पूर्व टोकाला, म्हणजे ब्रेगेन्झ, लिंडाऊ, रोर्शाखकडे जोर करतो. फोन वाहत असताना हवा इतकी स्वच्छ असते की डोंगर हाताशी आल्यासारखे दिसतात. मुलांनो, डोंगर फार सुंदर दिसू लागले की फोटो काढावा आणि बंदरातच राहावे. उन्हाळ्यात फोन कमी वेळा येतो, वसंतात आणि शरदात जास्त.

आपल्याकडे 'बंदरात तीन नंबरचा बावटा लागला' अशी बातमी पावसाळ्यात वर्तमानपत्रात येते. बोडेनझेवर बावट्याऐवजी दिवा असतो. तिन्ही देशांच्या किनाऱ्यांवर ठिकठिकाणी नारिंगी दिवे बसवलेले आहेत. दिवा मिनिटाला ४० वेळा लुकलुकला तर जोराच्या वाऱ्याचा इशारा, म्हणजे झोत ताशी सुमारे ४६ ते ६१ किलोमीटर. मिनिटाला ९० वेळा लुकलुकला तर वादळाचा इशारा, ताशी ६२ च्या वर. मोजायचे कसे? घड्याळ पाहून १० सेकंद मोजा. सहा-सात आले तर पहिला, पंधरा आले तर दुसरा. घरी टाळ्या वाजवून दोन्ही वेग ओळखायची सवय करा, म्हणजे होडीत मोजत बसावे लागणार नाही. मोबाइलवरही इशारा येतो, पण मोबाइल ओला होतो, त्याची बॅटरी संपते आणि तो नेमका दप्तराच्या तळाशी असतो. दिव्याचे तसे नाही.

आता एक गणित. समजा वादळाचा पट्टा ताशी ४० किलोमीटरने पश्चिमेकडून येतो आहे. बोडमान ते मेर्सबुर्ग पाण्यावरून सुमारे २२ किलोमीटर, तिथून फ्रीडरिक्सहाफेन आणखी १७. म्हणजे बोडमानवर फुटलेले वादळ मेर्सबुर्गला ३३ मिनिटांत आणि फ्रीडरिक्सहाफेनला तासाभरात पोचेल. तुम्ही सर्वांत रुंद जागी, मधोमध आहात. दोन्ही किनारे सात-सात किलोमीटर. ताशी पाच किलोमीटरने तुम्हांला एक तास चोवीस मिनिटे लागतील. कोण आधी पोचेल? हे गणित ज्याने एकदा सोडवले, त्याला पुढचा सगळा पाठ समजला असे आम्ही मानतो. सफरीचा आराखडा म्हणजे कुठे कुठे जायचे याची यादी नव्हे. दर तासाला 'इथून पळायचे तर कुठे?' या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवणे, हाच आराखडा.

ही पद्धत मोठ्या दर्यावर्दींचीही आहे. भारतीय नौदलातले कमांडर दिलीप दोंदे हे एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या होडीतून ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. वाटेत चारच थांबे : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन. ऑगस्टमध्येच का निघायचे? कारण दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न दक्षिणेतल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, ओलांडायचे होते. सर्वांत अवघड जागा आधी पक्की, बाकीच्या तारखा तिच्याभोवती. आपणही तसेच करू.

आपली अवघड जागा कोणती? आम्ही नकाशावर पट्टी ठेवून मोजले. फेरी लांगेनआर्गेनहून सुरू केली तर टप्पे साधारण असे पडतात. लांगेनआर्गेन ते लिंडाऊ १२ किलोमीटर, लिंडाऊ ते ब्रेगेन्झ ७, ब्रेगेन्झ ते रोर्शाख २१, रोर्शाख ते रोमान्सहोर्न १३, रोमान्सहोर्न ते कॉन्स्टान्झ १८, कॉन्स्टान्झ ते मेर्सबुर्ग ८, मेर्सबुर्ग ते यूबरलिंगेन १२, यूबरलिंगेन ते बोडमान ११, बोडमानहून परत मेर्सबुर्ग २२, मेर्सबुर्ग ते फ्रीडरिक्सहाफेन १७ आणि शेवटी लांगेनआर्गेन ८. बेरीज १४९. टप्पे अकरा. ताशी पाचने तीस तास. 'म्हणजे चार दिवसांत होईल की!' असे मधल्या गटातून कोणीतरी म्हणणारच. कागदावर होईल.

पण होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. तिला डावीकडे, मग उजवीकडे, असे नागमोडी जावे लागते. वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन धरला तर अंतर सुमारे १.४ पट होते (मोठ्या गटाने वर्गमूळ आठवावे). ब्रेगेन्झहून रोर्शाखला जाणे म्हणजे पश्चिमेकडे जाणे, आणि वारा बहुधा पश्चिमेकडूनच. म्हणजे २१ चे झाले ३० किलोमीटर, सहा तास. बोडमान-मेर्सबुर्ग टप्पा आकड्याने मोठा असला तरी वारा पाठीशी असतो आणि दोन्ही बाजूंना बंदरे आहेत. ब्रेगेन्झ-रोर्शाख टप्प्याच्या मध्यावर मात्र ऱ्हाइनचे मुख आहे. १९०० साली फुसाख येथे नदीला नवा, सरळ मार्ग खणून सरोवरात सोडले. तिच्या दोन्ही बाजूंचे बांध पुढे पाण्यात लांबवर नेलेले आहेत, भोवती गाळाचे उथळ पट्टे आहेत आणि बाजूचा त्रिभुज प्रदेश पक्ष्यांसाठी राखीव आहे. आल्प्समध्ये पाऊस झाला की नदी ओंडके घेऊन येते. तिचे थंड, गढूळ पाणी सरोवराच्या उबदार पाण्याखाली बुडी मारते, ती रेषा डोळ्यांनी दिसते. पाहण्यासारखी आहे, पण लांबून.

तेव्हा हा दिवस आधी पक्का करू. त्याच्या आधी ब्रेगेन्झला दोन दिवस रिकामे ठेवू. सकाळी हवामान पाहायचे. बरे असेल तर लवकर निघायचे. नसेल तर थांबायचे. ऱ्हाइनच्या मुखापूर्वी हवा फिरली तर परतीचे बंदर हार्ड. मुख ओलांडल्यावर फिरली तर आल्टेनऱ्हाइन. दोन्ही दिवस हवा वाईट राहिली आणि तिसऱ्या दिवशीही सुधारली नाही, तर? तर स्वित्झर्लंड रद्द. लिंडाऊकडे मागे यायचे आणि उत्तर किनाऱ्यानेच मेर्सबुर्गपर्यंत जायचे. हा निर्णय घरी, चहा पिताना घ्यावा आणि लिहून ठेवावा. तिथे घ्यायचा म्हटला की 'एवढे आलो आहोत तर' हे चार शब्द मधे येतात, आणि आमच्या मते पाण्यावर या चार शब्दांइतके धोकादायक दुसरे काही नाही.

आजींनी त्या दिवशी होडीत बसूच नये. ब्रेगेन्झहून रोर्शाखला रेल्वे जाते. आजी आणि सर्वांत लहान मंडळींनी गाडीने जाऊन धक्क्यावर बसावे, आइस्क्रीम खावे आणि होडीची वाट पाहावी. बोडेनझेची ही मोठी सोय आहे. आपल्या थांब्यांपैकी मेर्सबुर्ग आणि बोडमान सोडले तर सर्व गावांत रेल्वे स्थानक आहे. कोणाला ताप आला, कोणाचे बिनसले, तर सफर मोडत नाही. माणूस गाडीने पुढे जाऊ शकतो.

आता सोळा दिवसांचा मेळ बसतो. पहिला दिवस शनिवार. होडी ताब्यात घेणे, सामान लावणे, दोऱ्या ओळखणे आणि बंदरातच झोपणे. दुसऱ्या दिवशी लिंडाऊ, तिसऱ्या दिवशी ब्रेगेन्झ. चौथा आणि पाचवा राखीव. सहाव्या दिवशी रोर्शाख, सातव्या दिवशी रोमान्सहोर्न, आठव्या दिवशी कॉन्स्टान्झ, नववा राखीव. दहा, अकरा, बारा आणि तेरा या दिवशी मेर्सबुर्ग, यूबरलिंगेन, बोडमान, पुन्हा मेर्सबुर्ग. चौदावा राखीव. पंधराव्या दिवशी फ्रीडरिक्सहाफेन आणि सोळाव्या दिवशी, रविवारी, घरच्या बंदरात. चौथ्या दिवशीच हवा चांगली मिळाली तर राखीव दिवस खर्चायचा नाही, पुढे जमा करायचा. एखादा राखीव दिवस शेवटी उरलाच तर माइनाऊ बेटावरची फुले पाहावीत किंवा उंटरउल्डिंगेनला पाण्यात खांबांवर उभारलेल्या प्राचीन घरांच्या प्रतिकृती पाहाव्यात. तिथले खुले संग्रहालय १९२२ पासून आहे.

उंटरझे आम्ही मुद्दाम गाळले आहे. पुलाखालून जाताना उंच डोलकाठी उतरवावी लागते, पुढे पाणी उथळ, आणि राखीव क्षेत्रे बरीच. राइखेनाऊ बेट मात्र चुकवू नये. तिथला मठ इ. स. ७२४ मधला आणि बेट २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे. नवव्या दिवशी कॉन्स्टान्झहून बस करा किंवा सायकली घ्या. बेटाला बांधावरून रस्ता आहे.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी ही सफर संपवू नका. बाडेन-वुर्टेम्बर्गची सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, सहा आठवड्यांहून थोडी जास्त असते. सफर पहिल्या निम्म्या भागात ठेवावी. त्याला आणखी एक कारण आहे, पाण्याची पातळी. आल्प्सचा बर्फ वितळून जून-जुलैमध्ये सरोवर भरते आणि मग हळूहळू उतरत जाते. सर्वांत कमी पाणी फेब्रुवारीच्या सुमारास असते. मे १९९९ मध्ये कॉन्स्टान्झच्या मोजपट्टीवर ५.६५ मीटर पाणी चढले होते. उलट २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत ते नेहमीपेक्षा खूपच उतरले. आपल्या होडीचा तळ पाण्याखाली किती जातो, हा आकडा प्रत्येकाला पाठ हवा. बंदराच्या तोंडाशी तो आठवून उपयोग नाही, आत शिरण्यापूर्वी आठवावा.

नांगर टाकण्याबद्दल थोडेसे. या सरोवराच्या काठाशी उथळ पायरी असते आणि मग तळ एकदम खाली जातो. नांगर पायरीवरच टिकतो. वेतासारख्या गवताची बेटे दिसली तर त्यांपासून निदान २५ मीटर लांब राहायचे, तिथे पक्ष्यांची घरटी असतात. ऑगस्टमध्ये रात्रीची जागा बंदरातच मिळवावी आणि त्यासाठी दुपारी तीनच्या आत पोचावे. जागेवर हिरवी पाटी असेल तर ती पाहुण्यांसाठी मोकळी. लाल असेल तर मालक परत येणार आहे. लाल पाटीखाली 'जरा वेळच' म्हणून होडी लावणे हे कोणाच्या दारासमोर गाडी लावण्यासारखे आहे. वाटेत हिरवा गोळा लावलेली प्रवासी जहाजे भेटतील. त्यांना वाट द्यायची असते, शीड असो वा नसो.

स्वयंपाकघराची जबाबदारी कोणा एकाच्या आईवर टाकू नये, हे आमचे आग्रहाचे सांगणे. एक शेगडी, एक लहान कुकर. पोहे, भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, घरून केलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि दशम्या यांवर पहिले तीन दिवस निघतात. चालत्या होडीत तळण अजिबात नको. रविवारी जर्मनीत दुकाने बंद, हे आपल्याला माहीत आहे; पण १ ऑगस्टला स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन असतो आणि १५ ऑगस्टला ऑस्ट्रियात सुट्टी असते (आपला स्वातंत्र्यदिन म्हणून नव्हे!). त्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावर दुधाची पिशवी शोधत फिरावे लागू नये, म्हणून तारखा आधी पाहा.

याच दिवसांत, श्रावणात, नारळी पौर्णिमा येते. कोकणात पावसाळाभर झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या होड्या त्यानंतर दर्यात लोटण्याची रीत आहे. आता महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. म्हणजे तिकडे हंगाम सुरू होतो त्याच सुमारास इकडचा भर ओसरू लागतो. होडीत नारळीभात करावा. नारळ मात्र पाण्यात सोडू नये. पोलिसांना समजावून सांगायला आपले जर्मन पुरणार नाही.

राहिली एक वही. रोज सकाळी दोर सोडण्यापूर्वी तिच्यात तीन ओळी लिहायच्या : आज कुठे जायचे, नाही जमले तर कुठे, आणि किती वाजेपर्यंत अमुक ठिकाणी न पोचल्यास मागे फिरायचे. चौथी ओळ तांडेलाच्या नावाची. मचव्यावर खलाशांचा म्होरक्या तो तांडेल. होडीवर एका दिवशी एकच तांडेल असतो आणि 'फिरा' हा शब्द त्याने उच्चारला की वाद बंदरात गेल्यावर घालायचा. तांडेल परवानाधारकच हवा, पण तीन ओळी लिहिण्याचे काम लहानांकडे द्यावे. ज्याने वेळ लिहिली असते, तोच घड्याळाकडे पाहतो.

वादळाने गाठलेच तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या शांत हवेत, बंदरात दोनदा करून पाहिलेल्या असाव्यात. जाकिटे अंगावर, शिडे लहान किंवा खाली, लहान मुले खाली खोलीत, डोलकाठीला आणि तारांना कोणी हात लावायचा नाही. किनारा जवळ असला तरी खडकाळ काठाकडे धावायचे नाही. मदत हवी असेल तर लाल झेंडा किंवा दिवा गोल फिरवायचा आणि ११२ लावायचा. तो क्रमांक तिन्ही देशांत चालतो. आपण कुठे आहोत हे सांगता आले पाहिजे. 'पाण्यावर आहोत' हे उत्तर पुरत नाही. म्हणून दर तासाला नकाशावर पेन्सिलीने खूण करायची.

स्वाध्याय

१. तुमची होडी ताशी ५ किलोमीटर जाते. रोमान्सहोर्न ते कॉन्स्टान्झ १८ किलोमीटर. वारा समोरून असेल तर किती तास लागतील? दुपारी तीनच्या आत पोचायचे असेल तर केव्हा निघाल?

२. ब्रेगेन्झला पाचव्या दिवशीही नारिंगी दिवा मिनिटाला ४० वेळा लुकलुकतो आहे. आकाश निळे आहे, डोंगर अगदी जवळ दिसत आहेत, आणि काका म्हणतात, 'काही होत नाही.' काकांना आदराने, पण ठामपणे, चार वाक्यांत उत्तर लिहा.

३. पुढील शब्द वाक्यांत वापरा : सुकाणू, नांगर, डोलकाठी, तांडेल, वारा पडणे, बावटा.

४. मेर्सबुर्ग ते फ्रीडरिक्सहाफेन या टप्प्यासाठी वहीतल्या तीन ओळी लिहा. पर्यायी बंदर नकाशावरून स्वतः शोधा.

५. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या गावच्या नदीवर, खाडीवर किंवा तळ्यावर होडी कोण चालवत असे आणि पाणी केव्हा धोक्याचे मानत? त्यांचेच शब्द जसेच्या तसे उतरवून आणा.

उत्तरे सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी आणावीत. नकाशा जर्मन चालेल, उत्तरे मराठीतच.